बॉयलरला पाणी पाजणारी पाचाची मोटर

मित्रांनो, तहान कोणाला लागत नाही? पण बॉयलरच्या तहानेइतकी भयंकर तहान मी दुसरी पाहिलेली नाही. ती तहान भागवण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते. मी विजेवर चालणारी पाच हॉर्सपॉवरची मोटर. आमच्या सांगली-साताऱ्याच्या भागात मला नुसते ‘पाचाची मोटर’ म्हणतात. विहिरीवर आणि नदीकाठी माझ्या पुष्कळ बहिणी आहेत. त्या उसाला पाणी पाजतात. मी मात्र आगीवर बसलेल्या लोखंडी पिंपाला पाणी पाजत होते.

त्या पिंपालाच बॉयलर म्हणतात. त्याच्या पोटात लोखंडी नळ्या असतात. नळ्यांतून आगीची धग जाते आणि नळ्यांभोवती पाणी असते. पाण्याची वाफ होते, वाफ दूध तापवायला जाते, भांडी धुवायला जाते. जेवढी वाफ बाहेर जाईल तेवढे पाणी पुन्हा आत जायला हवे. ते गेले नाही तर पाण्याची पातळी उतरते, नळ्या उघड्या पडतात आणि आगीने लाल होतात. म्हणून बॉयलरच्या पुढच्या बाजूला एक काचेची नळी असते. आतले पाणी तिच्यात दिसते. माणसाने त्या काचेवर डोळा ठेवायचा आणि मी पाणी कमी पडू द्यायचे नाही, असा आमचा संसार होता. मी थांबले तर काय होईल, ही भीती त्या संसारात पहिल्या दिवसापासून होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या तारेची वेटोळी माझ्या पोटात भरली, त्यांवर वार्निश चढवले, भट्टीत शेकले. शेवटी माझ्या पाठीवर एक पत्र्याची पट्टी ठोकली. तिच्यावर माझी कुवत कोरली होती. पाच हॉर्सपॉवर, म्हणजे पावणेचार किलोवॅट. पट्टीवरची ती अक्षरे इतकी बारीक होती की धूळ बसल्यावर ती कोणी वाचलीच नाहीत.

तिथून मी पलूसजवळच्या एका दूध डेअरीत आले. बॉयलरघरातल्या पंपाला मला जोडले. तेव्हाचा बॉयलर लहान होता. तासाला दोन टन वाफ, तीही दहा किलोच्या प्रेशरची. ते ओझे मला सहज पेलायचे. दिवसभर चालूनही अंग कोमटच राहायचे.

डेअरीतल्या यंत्रांची देखभाल हंबीररावांकडे होती. सगळे त्यांना आबा म्हणत. ते सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आले होते. ताठ पाठ, पिळदार मिशा आणि यंत्रांवर लेकरांसारखी माया. माझे बेअरिंग कुरकुरायच्या आधीच त्यांना कळायचे. खंडेनवमीला ते माझ्या गळ्यात झेंडूची माळ घालायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, “ही आमची वाघीण हाय. काय बी सांगा, न्हाई म्हनायची न्हाई.”

ते ऐकून मला फार बरे वाटायचे. मित्रांनो, कौतुक गोड असते. पण ‘न्हाई म्हनायची न्हाई’ या शब्दांत किती मोठा धोका दडलेला आहे, ते मला तेव्हा कळले नाही.

बॉयलर चालवायचा बिराप्पा. तो आटपाडीकडचा. त्याच्या वडिलांचे आयुष्य मेंढरांमागे गेले, बिराप्पाने मात्र बॉयलर चालवण्याची सरकारी परीक्षा दिली आणि तो इकडे आला. मोजके बोलायचा. मेंढरांची राखण करावी तशी तो त्या काचेची राखण करायचा.

अशी काही वर्षे गेली. डेअरी वाढली. कडेगाव, तासगावकडूनही दूध येऊ लागले. जुना बॉयलर पुरेना. मग नवा आला. तासाला तीन टन वाफ, पंधरा किलोचे प्रेशर. त्याच्याबरोबर नवा, उंच पंपही आला. मोटर मात्र मागवली नव्हती. आबांनीच व्यवस्थापकांना सांगितले होते, “मोटर कशाला? आपली हाय की!”

त्याच सुमारास अंकिता नावाची इंजिनिअर डेअरीत रुजू झाली. ती कराडजवळच्या मलकापूरची. पहिल्याच आठवड्यात ती बॉयलरघरात आली, माझ्यापाशी उकिडवी बसली आणि ओढणीच्या टोकाने तिने माझ्या पाठीवरची पट्टी पुसली. अक्षरे तिने दोनदा वाचली. मग तिने भिंतीवर खडूने आकडे मांडायला सुरुवात केली.

“आबा, ही मोटर या पंपाला कमी पडेल,” ती म्हणाली.

आबा हसले. “आगं, माझ्या हिरीवर पाचाचीच मोटर हाय. पार टेकाडावरच्या माळापत्तुर पानी फेकती. आन् ह्यो बॉयलर तर हितंच हाय, हाताच्या अंतरावर!”

“बॉयलर जवळ आहे आबा, पण त्याच्या आत प्रेशर आहे. पाण्याला त्या प्रेशरच्या विरुद्ध आत घुसायचंय. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर चढ. पंधरा किलो म्हणजे दीडशे मीटर. वाटेतल्या नळीची आणि व्हॉल्व्हची अडचण धरली तर एकशेऐंशी. आपल्याला दिसत नाही, पण ही मोटर रोज तेवढा डोंगर चढणार आहे.”

“बरं, मग?” आबांनी हाताची घडी घातली.

“वाफ तीन टन जाणार. पण पाणी तेवढंच देऊन चालत नाही. पातळी उतरली तर भरून काढायला चौथाई जास्त लागतं. म्हणजे तासाला पावणेचार टन पाणी, एकशेऐंशी मीटर वर. एवढं पाणी उचलायला सुमारे एक पूर्णांक आठ किलोवॅट लागतात.”

“मग हिच्याकडं पावनेचार हायत! दुप्पट झाली की!”

“तिथंच गफलत होते, आबा. पंपाला दिलेली सगळी ताकद पाण्याला मिळत नाही. निम्म्याहून जास्त ताकद घासण्यात आणि घुसळण्यात जाते. लहान पंपात तर जातेच. त्यामुळं मोटरीला पंपाच्या दांड्यावर चार किलोवॅटच्या वर द्यावे लागतील. ही पावणेचारची. शिवाय व्होल्टेज पडलं, पंप झिजला, तर थोडी ताकद हाताशी हवी. साडेसाताची मोटर लागेल.”

आबा भिंतीकडे बघत राहिले. आकडे त्यांना खोटे वाटले नाहीत. पण त्यांनी मला इतकी वर्षे चालताना पाहिले होते, आणि भिंतीवरच्या खडूपेक्षा डोळ्यांवर त्यांचा विश्वास जास्त होता. “मागव साडेसाताची,” ते म्हणाले. “पन ती येईपत्तुर ही वडंल. माझी जबान हाय.”

व्यवस्थापक राजवर्धन यांनाही थांबणे नको होते. थंडीचे दिवस, दुधाचा महापूर. दूध काही कोणासाठी थांबत नाही. अंकिता नवीन होती. तिने दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा एवढेच म्हटले, “मग निदान रिलेला कोणी हात लावू नका.”

रिले म्हणजे माझा रखवालदार. वीज येते त्या पेटीत तो बसलेला असतो. मी कुवतीपेक्षा जास्त ओढू लागले, माझे अंग पोळू लागले, की तो माझी वीज तोडतो. माणसाला चक्कर येऊन तो खाली बसतो ना, तसेच ते.

नव्या पंपाला मला जोडले आणि पहिल्याच दिवशी मला कळले की हा डोंगर माझ्या आवाक्यातला नाही. थोडा वेळ मी ओढायचे. मग पोटातली वेटोळी तापायची, वार्निशचा कडवट वास सुटायचा. सकाळच्या गारठ्यात निभायचे. ऊन वर आले की रिले खटकन पडायचा आणि मी थांबायचे. पाणी कमी झाल्याचा भोंगा वाजायचा. बिराप्पा धावत येऊन पेटीतला रिलेचा खटका दाबायचा, मला पुन्हा चालू करायचा आणि काचेकडे बघत कपाळावरचा घाम पुसायचा.

“आबा, मोटर लय तापती,” एक दिवस तो म्हणाला. “हात ठिवू देत न्हाई.”

आबांनी पेटी उघडली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांनी रिलेचा काटा थोडा पुढे सरकवला. बिराप्पासमोरच सरकवला. लपवण्यासारखे त्यात काही आहे, असे त्यांना वाटलेच नाही. “दमानं घे गं माझे बाय,” ते मला म्हणाले. “दोन-चार रोजाचा परश्न हाय. साडेसाताची निगालीया म्हनं पुन्यातनं.”

त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. पण मित्रांनो, आम्हाला तोंड नसते. आम्ही तापतो, थरथरतो, वास सोडतो. एवढीच आमची भाषा. ती भाषा अवघ्या गावात ज्यांना सगळ्यात चांगली कळत होती, त्यांनीच त्या दिवशी कानांवर हात ठेवले. तेही मायेने ठेवले, याचे मला जास्त भय वाटले.

काटा पुढे सरकला तसा रिले उशिरा पडू लागला, पण पडायचा राहिला नाही. भोंगा वाजत राहिला. हळूहळू लोकांना भोंग्याची सवय झाली. आधी सगळे दचकायचे. मग नुसतीच मान वळवायचे. मग कोणी मानही वळवेना. बॉयलरघराला लागूनच दुधाची भांडी धुण्याची जागा होती. तिथे काम करणाऱ्या रंगूबाई म्हणायच्या, “रडतंय रोजचं. बिराप्पा हाय नव्हं.” अडचणीला असावा म्हणून ठेवलेला जोडीचा दुसरा पंप दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेला होता. एकटी मीच होते.

आणि मग ती सकाळ आली.

नाश्त्याची वेळ टळून गेली होती. दुधाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. त्याच वेळी आजूबाजूच्या शेतीपंपांची वीज आली. शेकडो मोटरी एकदम चालू झाल्या आणि आमच्याकडचे व्होल्टेज पडले. वीज हलकी झाली की मोटर तेच ओझे ओढायला जास्त करंट घेते. माझी वेटोळी निखाऱ्यासारखी झाली. मी धडपडले, धडपडले आणि रिले पडला.

मी थांबले. भोंगा वाजला.

बिराप्पा तेव्हा बॉयलरघरात नव्हता. दूध तापवण्याच्या खोलीत वाफेचा एक व्हॉल्व्ह गळू लागला होता आणि तो आवळण्यासाठी त्याला बोलावले होते. भोंगा ऐकून तो “आलो, आलो” म्हणाला, मी स्वतः ऐकले. पण व्हॉल्व्ह तसाच सोडला तर कोणी भाजेल, म्हणून तो आवळत राहिला. वाफ जात राहिली. पाणी येईना. काचेतली पातळी उतरू लागली. अर्धी झाली. बोटभर राहिली. मग काचेच्या तळाशी नुसती एक रेघ उरली आणि तीही दिसेनाशी झाली.

आगीला हवा देणारे पंखे आपोआप बंद झाले. तशी सोय होती. पण ही तेलाची आग नव्हती, बटनाबरोबर विझायला. भट्टीत भुसा दाबून केलेल्या कांड्यांचा जाड थर होता. तो धुमसत, लाल होत राहिला.

बिराप्पा आला. त्याची नजर काचेवर गेली आणि पाय जागच्या जागी खिळले. मागोमाग आबा धावत आले. रिकामी काच त्यांनाही दिसली.

“बिराप्पा, खटका दाब! मोटर चालू कर!”

“आबा, काच मोकळी हाय.” बिराप्पाने काचेकडे बोट केले. “कवापासनं मोकळी हाय, ठावं न्हाई मला.”

“आरं, म्हनून तर म्हंतो! कोरडा पडलाय त्यो. पानी जाऊ दे आत!”

मित्रांनो, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडलेला तुम्ही पाहिला असेल. थेंब नाचतो, चर्र आवाज होतो, संपतो. आता असा तवा मनात आणा, जो लाल झाला आहे आणि चारी बाजूंनी बंद आहे. त्यात थेंब नव्हे, धार सोडा. क्षणात होणाऱ्या त्या वाफेला जायला जागा नसते. ती लोखंड फाडून जागा करते. छप्पर, भिंती, माणसे, काही उरत नाही.

आयुष्यभर मला थांबण्याची भीती वाटत आली होती. त्या क्षणी पहिल्यांदा मला चालू होण्याची भीती वाटली. कोणी बटन दाबले असते तर मी फिरलेच असते. नको म्हणणे मला येतच नव्हते. ज्या हातांनी मला माळ घातली त्या हातांच्या आज्ञेने मी त्यांचाच जीव घेतला असता, आणि बिराप्पाचा, आणि भिंतीपलीकडे भांडी धुणाऱ्या बायकांचाही.

आबा स्वतःच पेटीकडे झेपावले. खटका दाबल्याचा आवाज झाला. आता फक्त हिरवे बटन राहिले होते.

“आबा, नको!”

अंकिता दारातून धावत आली आणि पेटीला पाठ लावून उभी राहिली.

“सर बाजूला, पोरी!”

“नाही सरणार. काचेत थोडं जरी पाणी दिसत असतं तर मीच बटन दाबलं असतं. आता थेंबसुद्धा नको. नळ्या लाल झाल्या असतील तर आपण सगळे जाऊ, आबा. आधी आग काढा. आग!”

तिचा आवाज कापत होता. पण ती हलली नाही. आबांचा हात तिच्या खांद्यावरून बटनाच्या दिशेने गेलेला, तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात मागे लोखंडाचा खणखणाट झाला. बिराप्पाने लांब दांड्याची आकडी उचलली होती आणि भट्टीचे दार उघडले होते. आतल्या लाल उजेडात त्याचा चेहरा तांब्यासारखा दिसत होता. तो जळत्या कांड्या बाहेर ओढू लागला.

“आबा, तुमी भाईर जावा,” तो मागे न बघता म्हणाला. “हे माजं काम हाय.”

आबांचा हात खाली आला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग बॉयलरकडे. कोपऱ्यातली दुसरी आकडी उचलून ते बिराप्पाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. “तुला एकट्याला सोडून जाऊ व्हय रं? वड!”

अंकिता बाहेर धावली. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. “मावशी, सगळं सोडा आणि फाटकाबाहेर चला!”

“आगं पन दूध नासंल की!” रंगूबाई म्हणत होत्या.

“नासू दे! पळा!”

मग चपलांचे आवाज, भांडी पडल्याचे आवाज, कोणाचे तरी रडणे. इकडे दोघे पुरुष निखारे ओढत होते. निखारे माझ्या पायाशी येऊन पडत होते आणि राखेत धुमसत होते. भट्टी रिकामी झाली. बिराप्पाने धुराड्याची झडप लावली, दार बंद केले आणि आबांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढले.

सगळे गेले. मी एकटीच राहिले. मला चार बोल्टांनी जमिनीला आवळलेले होते. मी कुठे जाणार?

बॉयलर माझ्यासमोर उभा होता. त्याच्या पोटातून ‘टिक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टिक्’. मग एक लांब, कण्हल्यासारखा आवाज. तापलेले लोखंड आपल्या जागी परतू पाहत होते. प्रत्येक आवाजाबरोबर मला वाटायचे, आता फुटणार. कुंपणापलीकडच्या उसातून माणसे बॉयलरघराकडे बघत होती. राखेतल्या निखाऱ्यांवर पांढरी साय चढत गेली. दुपार कलली तशी आवाजांमधली अंतरे वाढत गेली आणि मग ते थांबले.

बॉयलर फुटला नाही.

तो पुरता निवल्यावर तपासणीसाठी एक मोठे साहेब आले. बॅटरी घेऊन ते आत शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे कपडे काजळीने भरले होते. “वरच्या रांगेतल्या नळ्या वाकल्यात,” ते म्हणाले. “पाणी सोडलं असतंत तर...” त्यांनी छपराकडे पाहिले, मग राजवर्धनांकडे. राजवर्धन बॉयलर कधी सुरू होणार ते विचारायला आले होते. त्यांनी ते विचारले नाही.

त्या दिवशीचे तापत असलेले दूध फेकून द्यावे लागले. रांगेतल्या गाड्या दुसऱ्या डेअरीला गेल्या.

पुण्याहून साडेसाताची मोटर आली. माझे बोल्ट आबांनी स्वतः सोडले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. नंतर अंकिता आत आली तेव्हा ते भिंतीसमोर एका उलट्या बादलीवर बसले होते. खडूचे आकडे वाफेने पुसट झाले होते.

“पोरी,” ते म्हणाले, “पुन्यांदा सांग. पयल्यापासनं. चढ कसा काडलास आन् पानी कसं धरलंस. मी सैन्यात लय मशिनी चालिवल्या, पन हे कवा मोजलं न्हाई. वडत्यात म्हंजे वडत्यात, एवढंच मला ठावं.”

अंकिताने दुसरी बादली ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्या दोघांचा आवाज मला कितीतरी वेळ ऐकू येत होता. मध्येच आबांचे चुकायचे, मध्येच ते “थांब, थांब” म्हणायचे आणि बोटांवर काहीतरी जुळवायचे.

माझी वेटोळी करपली होती. आबांनी ती नव्याने भरून घेतली आणि मला तासगावला लालासाहेबांकडे दिले. लालासाहेब आबांचे मेव्हणे, त्यांचे बेदाण्याचे शेड आहे. बेदाणे धुण्यासाठी पाणी लागते, ते काम माझ्याकडे आले. माझ्यासाठी ते फुलासारखे हलके आहे. तरीही रोज सकाळी बटन दाबले की क्षणभर माझा थरकाप होतो. पाणी कुठे चालले आहे, समोर आग तर नाही ना, असे वाटते. ती भीती काही माझ्या अंगातून गेली नाही.

मागच्या हंगामात लालासाहेबांनी एक मोठा पंप आणला. धुण्याचे पाणी आणि शेडमागच्या उंच टाकीचे पाणी, दोन्ही एकदम चढवायचे त्यांच्या मनात होते. आबा आले होते. लालासाहेब माझ्यावर थाप मारून म्हणाले, “हिलाच जोडू की, दाजी. तुमीच म्हनत हुता न्हवं, काय बी वडती म्हनून?”

आबा टाकीखाली जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी उंची पाहिली, पाणी किती लागणार ते विचारले. मग जमिनीवर बसून त्यांनी काडीने मातीत आकडे मांडले, एकदा पुसले, पुन्हा मांडले. शेवटी माझ्यापाशी येऊन त्यांनी माझ्या पाठीवरची पट्टी अंगठ्याने पुसली.

“न्हाई,” ते म्हणाले. “हिची तेवढी कुवत न्हाई.”

“आवं, बघू तरी चालवून!”

“चालवून बगायचं नस्तंय, लालासाहेब. आदी मोजायचं असतंय.”

मित्रांनो, लोक मला वाघीण म्हणाले, माझ्या गळ्यात माळा घातल्या. पण त्या एका ‘न्हाई’एवढे सुख मला कशानेच झाले नव्हते. जे मला कधी म्हणता आले नाही, ते माझ्या वतीने कोणीतरी म्हटले.

तुमच्याही घरी, शेतावर, शाळेत यंत्रे असतील. त्यांना तेल द्या, धूळ पुसा, ते तर कराच. पण ‘ही काय बी वडती’ असे कौतुक करण्याआधी तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे एकदा वाचा. आणि एखादी मोटर तापून वास सोडू लागली, एखादा भोंगा रोज रोज वाजू लागला, तर त्याची सवय करून घेऊ नका. आमच्याजवळ ओरडायला तेवढेच आहे.